बिंज ईटिंगवर कथा लिहिताना: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

आमच्या कथावाचनाच्या बैठका कधी मालवणात, कधी कुडाळात, कुणाच्या तरी ओटीवर भरतात. दिवाळी अंकासाठी आलेल्या कथांची पहिली चाळणीही माझ्याकडेच असते. अलीकडे खाण्यावरचा ताबा सुटणाऱ्या माणसांच्या कथा बऱ्याच येतात आणि त्यांच्यामागून लेखकांचे प्रश्न येतात. तीच उत्तरं पुन्हा पुन्हा फोनवर देऊन दमले, म्हणून इथे लिहून ठेवते आहे. मी डॉक्टर नाही. हा आजार मी कित्येक वर्षं अंगावर काढला आणि मग उपचार घेतले. कथेत खोटं कुठे वाजतं ते मला कळतं ते त्यामुळे.

१. बिंज ईटिंग डिसऑर्डर म्हणजे खूप खाणं, एवढंच ना?

नाही. पंगतीत आग्रहाला बळी पडून चार जिलब्या जास्त खाणारा माणूस आजारी नसतो. अमेरिकेतल्या मनोविकारतज्ज्ञांच्या निदान-पुस्तिकेच्या पाचव्या आवृत्तीत (२०१३) हा आजार स्वतंत्रपणे नोंदला आहे. तिथली खूण अशी: साधारण दोन तासांच्या आत, इतर कुणी त्या परिस्थितीत खाईल त्यापेक्षा निश्चितच जास्त खाल्लं जातं, आणि खाताना 'आता मला थांबता येणार नाही' असं वाटत राहतं. त्याच्या जोडीला भराभर खाणं, पोट दुखेस्तोवर खाणं, भूक नसताना खाणं, लाजेपोटी एकट्याने खाणं, नंतर स्वतःची किळस येणं, यांतल्या किमान तीन गोष्टी असाव्या लागतात. आठवड्यातून किमान एकदा, असं तीन महिने चाललेलं असावं लागतं, आणि त्याचा माणसाला मनस्वी त्रास होत असावा लागतो.

कथेच्या कामाच्या गोष्टी यात दोनच: ताबा सुटणं आणि लपवणं. नवे लेखक नेमके या दोन्ही सोडून ताटाच्या मागे लागतात.

२. मग बुलिमिया वेगळा कसा?

बुलिमियात खाल्ल्यानंतर ते 'फेडण्याचा' प्रयत्न असतो: उलटी काढणं, जुलाबाच्या गोळ्या, कडकडीत लंघन, जिवाच्या आकांताने व्यायाम. ब्रिटिश मनोविकारतज्ज्ञ जेराल्ड रसेल यांनी १९७९ साली त्याला नाव दिलं. बिंज ईटिंगमध्ये ही फेड नियमित नसते. तुमची नायिका दर वेळी न्हाणीघरात जाऊन घशात बोट घालत असेल, तर तुम्ही दुसऱ्या आजाराची कथा लिहिता आहात. खुशाल लिहा, पण मग शेवटी डॉक्टरच्या तोंडी चुकीचं नाव घालू नका.

३. मराठीत याला काय म्हणायचं? 'भस्म्या' चालेल का?

पात्रांच्या तोंडी चालेल, किंबहुना तोच शब्द येईल. 'भस्म्या झालाय काय तुला?', 'खा खा सुटलीय नुसती', 'अधाशी', 'हावरट' हे आपल्या घरांतले खरे शब्द आहेत. फक्त निवेदकाने तो आजाराचं नाव म्हणून वापरू नये. आयुर्वेदातल्या भस्मकाची कल्पना वेगळी आहे. तिथे जठराग्नी इतका तीक्ष्ण होतो की खाल्लेलं जळून जातं, माणूस खात राहतो आणि खंगत जातो. आपल्या कथेतल्या माणसाला बहुतेक वेळा भूकच नसते.

बकासुर मात्र निवेदनातून हद्दपार करा. गाडाभर अन्न खाणारा राक्षस एकदा मनात आला की वाचक तुमच्या पात्राकडे माणूस म्हणून पाहत नाही.

४. पात्र जाड असायलाच हवं का?

नको. या आजाराच्या निदानात वजनाची अटच नाही. पुष्कळांचं वजन वाढतं हे खरं, पण मध्यम बांध्याच्या माणसालाही हा आजार असतो आणि कुणाला संशयसुद्धा येत नाही. उलट बाजूने, जाड माणूस म्हणजे आजारी असंही नाही. कथेच्या पहिल्याच परिच्छेदात पात्राची कंबर, हनुवटी, खुर्चीचा करकरणारा आवाज असं काही आलं की मी समजते, लेखकाने पात्राला बाहेरूनच पाहिलंय. आतून जगणाऱ्याला खुर्चीपेक्षा साडीच्या निऱ्या आठवतात, किंवा एसटीत शेजारी कोण बसेल याची धास्ती.

५. प्रत्यक्ष खाण्याचा प्रसंग कसा लिहायचा? किती खाल्लं ते सांगायचं का?

सर्वांत जास्त विचारला जाणारा प्रश्न हाच, म्हणून सविस्तर लिहिते.

आकडे टाळा. किती वडे, किती किलो वजन, किती कॅलरी, काहीच नको. आकडा दिला की आजारी वाचक स्वतःचा आकडा शेजारी ठेवून पाहतो. 'माझं एवढं नाही, म्हणजे मला काही झालेलं नाही' किंवा 'माझं तर याहून वाईट'. निरोगी वाचकाला जत्रेतला खेळ पाहिल्यासारखं वाटतं. दोघांच्याही हाती काही लागत नाही.

दुसरं, पदार्थांची वर्णनं आवरा. माझी या विषयावरची पहिली कथा म्हणजे कोंबडी-वडे, खाजं, खोबऱ्याच्या वड्या आणि फणसपोळ्या यांची यादीच होती. बैठकीत वाचून झाल्यावर एक काका कौतुकाने म्हणाले, "वाचता वाचता भूक लागली हो!" मी तिथल्या तिथे समजले की कथा फसली. त्या अवस्थेत चव लागतच नाही. पहिला घास कदाचित लागतो, नंतर फक्त हात आणि तोंड. माणूस उभ्याने खातो, गार खातो, एकमेकांशी न जुळणारं खातो. पेजेच्या भाताबरोबर लाडू, लाडवावर कालची आमटी. चवीने खाणाऱ्याची भाषा इथे वापरली की प्रसंग खोटा पडतो.

लिहायचं काय, तर आधीचा अर्धा तास आणि नंतरचा. आधी काय होतं? कुणाचा तरी फोन, पोस्टात झालेला अपमान, किंवा काहीच नाही, नुसती रिकामी दुपार. मग मनात एक सौदा सुरू होतो: एकच तुकडा, मग बंद. नंतर भांडं घासून पालथं घालणं, पोट तडतडत असल्यामुळे कुशीवर वळता न येणं, आणि 'उद्यापासून'. हा 'उद्यापासून' शब्द या आजारातला सर्वांत क्रूर शब्द आहे, कारण त्या रात्री तो अगदी मनापासून म्हटलेला असतो.

एक बारकावा. जागतिक आरोग्य संघटनेच्या आजारांच्या वर्गीकरणाच्या अकराव्या आवृत्तीत अन्नाचं प्रमाण मोठंच असलं पाहिजे असा हट्ट नाही. नेहमीपेक्षा वेगळं खाल्लं गेलं आणि ताबा सुटल्याचा अनुभव आला तर तेही धरलं जातं. म्हणजे दोन लाडवांवरही आख्खा प्रसंग उभा राहू शकतो. जमला तर तोच जास्त भेदक होतो.

६. आमच्या गावच्या घरात सतत माणसांचा राबता. एवढ्या घरात लपून खाणार कुठे?

शहरातल्या लेखकांना हे पटत नाही, पण आपली घरं लपवण्यासाठी फार सोयीची आहेत. माजघरात दुपारीही अंधार असतो. माळा आहे, मागीलदार आहे, काजूच्या बागेत मांगर आहे. आणि पावसाळ्याआधीची बेगमी! मे महिना संपता संपता घरात तांदूळ, सुकी मासळी, पापड, सांडगे, फेण्या, आंबापोळी, फणसपोळी, काजूगर सगळं भरून ठेवलेलं. चार महिने पुरेल एवढं अन्न एका छपराखाली, बाहेर मुसळधार, आणि घरात ज्याला थांबता येत नाही असं एक माणूस. हा ताण तुम्हाला आयता मिळालाय. फ्लॅटमधल्या फ्रिजच्या उजेडात उभी असलेली नायिका कशाला उसनी आणता?

लपवण्याचे तपशील अचूक द्या. कथा तिथेच उभी राहते. बरणीतली पातळी खाली गेलेली दिसू नये म्हणून बाजारातून आणून तेवढीच भरून ठेवणं. लाडू पोकळ रचणं, म्हणजे वरून रास तशीच दिसते. पावसाचा जोर वाढण्याची वाट पाहणं, कारण पत्र्यावर सर कोसळत असताना डब्याच्या झाकणाचा आवाज ऐकू जात नाही. गावातला दुकानदार चार पिढ्यांचा ओळखीचा, म्हणून बिस्किटांचे पुडे घेताना "पाव्हणे आलेत" असं आपणहून सांगणं, किंवा मुद्दाम पुढच्या गावच्या दुकानात जाणं. वेष्टनं बंबात घातली तर प्लास्टिकचा वास सुटतो, म्हणून ती दप्तरात नाहीतर पर्समध्ये घालून स्टँडवर टाकून येणं.

यातलं एक जरी खरं उतरलं तर 'तिला खूप लाज वाटत होती' हे वाक्य लिहावं लागत नाही.

७. उपासाचा आणि याचा काही संबंध आहे का? नायिका संकष्टी करते असं दाखवलंय.

संबंध असू शकतो, पण सरळ नाही. दुसऱ्या महायुद्धाच्या अखेरीस, १९४४-४५ मध्ये, अमेरिकेत मिनेसोटा विद्यापीठात अॅन्सेल कीज यांनी ३६ तरुण स्वयंसेवकांना सहा महिने अर्धपोटी ठेवून अभ्यास केला. पुढे पोटभर अन्न मिळू लागल्यावर त्यांच्यातल्या काहींचा खाण्यावरचा ताबा सुटला. पोट भरलं तरी मन भरेना. उपासमार माणसाला अन्नाच्या विचारात कशी जखडून ठेवते हे त्यातून दिसलं.

म्हणून महिन्यातून एकदा चंद्र पाहून जेवणारी बाई आजारी पडते असं नाही. आजीने आयुष्यभर उपास केले आणि तिला काहीही झालं नाही, हे सगळ्यांना माहीत असतं. कथेत पाहायचं ते हे की तुमच्या नायिकेला उपासाचा उपयोग काय होतो. काल रात्रीचं 'फेडायला' ती आज सोमवार धरते, मग गुरुवार, मग श्रावण आख्खा. आपल्याकडे न जेवणाऱ्या बाईला कुणी का म्हणून विचारत नाही, उलट मान मिळतो. दिवसभर कोरडी, रात्री ताबा सुटलेला, सकाळी पुन्हा उपास. हे चक्र दाखवता आलं तर बरं, पण उपासाची ही फेड नियमित झाली की कथा दुसऱ्या उत्तरातल्या बुलिमियाकडे झुकते, तेवढं लक्षात ठेवा. मात्र सगळ्यांचं असंच असतं असं धरू नका. कित्येकांचं अनावर खाणं आधी सुरू होतं, पथ्य आणि डाएट नंतर येतात.

८. गणपतीत तर सगळेच तडस लागेपर्यंत खातात. मग वेगळेपणा कसा दाखवू?

पंगतीत तिला सर्वांत कमी खाताना दाखवा. "एक मोदक पुरे, मला गोड फारसं चालत नाही." बायका म्हणतात, हिचं खाणं चिमणीसारखं. नंतर काय होतं ते विसर्जन आटोपून चाकरमानी परतल्यावर, घर एकदम रिकामं झाल्यावर. कुठे आणि कसं, ते सहाव्या उत्तरात आलंय.

९. पुरुष पात्र चालेल का? हा बायकांचाच आजार ना?

चालेल काय, हवंच आहे. खाण्याच्या इतर आजारांच्या मानाने यात पुरुषांचं प्रमाण बरंच जास्त असतं. तरी आमच्याकडे आलेल्या कथांत पुरुष जवळपास नाहीतच.

पुरुषाची अडचण निराळी असते. त्याला लपावं लागत नाही, कारण त्याच्या खाण्याचं कौतुक होतं. "भीमासारखा जेवतो!" वड्यांच्या पैजा लागतात, तो जिंकतो, टाळ्या पडतात आणि घरी जाऊन तो पुन्हा खातो. तेव्हा मात्र कुणी पाहत नसतं. किनाऱ्यावरचं पात्र घ्यायचं असेल तर खलाशी घ्या. १ जून ते ३१ जुलै महाराष्ट्रात यांत्रिक होड्यांना मासेमारी बंद. दोन महिने काम नाही, पैसा नाही, होडी शाकारून ठेवलेली आणि माणूस घरात. समुद्रावर असताना सकाळ-संध्याकाळ ठरलेली होती, ती गेली. मला कुणी अशी कथा पाठवली तर मी ती आधी वाचेन.

१०. आई किंवा सासूला दोषी दाखवलं तर?

फार सोपं होतं आणि म्हणूनच पचत नाही. एकच आई सकाळी म्हणते, "खा गो, लाजतंस कित्याक?" आणि संध्याकाळी मुंबईहून आलेल्या मावशीसमोर म्हणते, "हिका जरा सांग, बग कशी सुटली ती." दोन्ही वाक्यांत तिला मुलीचं भलंच हवं असतं. आपल्याकडे मायेची भाषाच खायला घालण्याची आहे, आणि शरमेचीही तीच. आजार कुणा एकामुळे होत नाही. घराण्यातून येणारा कल, लहानपणची टिंगल, पथ्याचा अतिरेक, नैराश्य, असं बरंच काही मिळून येतं. तेव्हा आईला माणूस राहू द्या.

मालवणी संवाद वापरायचे तर बेताने, आणि बोलणाऱ्या माणसाकडून एकदा तपासून घेऊन. मालवणीत बोलणारी बाई म्हणजे विनोद, असं नाटकांमुळे काहींच्या डोक्यात बसलंय. या विषयात ते फार खुपतं.

११. माझी कथा १९८५ सालची आहे. तेव्हा हा आजार होता का?

आजार होता, नाव नव्हतं. अमेरिकन मनोविकारतज्ज्ञ अल्बर्ट स्टंकार्ड यांनी १९५९ मध्येच अशा अनावर खाण्याबद्दल लिहिलं होतं. पण निदान-पुस्तिकेत तो १९९४ साली आला तो 'अजून अभ्यास हवा' म्हणून मागच्या पानांत, आणि स्वतंत्र आजार ठरला तो २०१३ मध्ये. तेव्हा १९८५ च्या देवगडात कुणा डॉक्टरच्या तोंडी 'बिंज ईटिंग' घालू नका. तो "खाण्यावर ताबा ठेवा" म्हणेल आणि बी-कॉम्प्लेक्स लिहून देईल. नाव नसलेल्या दुखण्याची कथा मला तरी जास्त आवडते. जाता जाता: चाकरमानी तेव्हा एसटीनेच आणा. कोकण रेल्वे सलग सुरू झाली ती १९९८ मध्ये. ही चूक महिन्याला एक तरी कथा करते.

१२. पात्र रात्री झोपेतून उठून खातं. हेच ना ते?

असेलच असं नाही. रात्री पुन्हा पुन्हा जाग येऊन खाल्ल्याशिवाय झोप न लागणं, हा वेगळा प्रकार मानतात. रात्रीच्या अशा खाण्याचं पहिलं वर्णन स्टंकार्ड यांनीच १९५५ मध्ये केलं होतं. त्यात खाणं थोडंही असू शकतं. झोपेत चालत जाऊन खाणं आणि सकाळी काहीच न आठवणं हा आणखी तिसरा प्रकार. आपल्या पात्राला सगळं आठवतं. तीच तर अडचण आहे.

१३. गावात उपचार दाखवायचे तर कुठे दाखवू? देवाकडे गाऱ्हाणं घातलेलं दाखवलं तर अंधश्रद्धा पसरेल का?

गाऱ्हाणं जरूर दाखवा. गावातलं माणूस आधी तिथेच जातं, आणि 'हिच्यावर कुणाची तरी नजर आहे' हे ऐकून त्या बाईला पहिल्यांदा वाटतं की दोष आपला नाही. तो दिलासा खराच असतो. त्याची थट्टा करू नका, फक्त त्याने ती बरी झाली असं लिहू नका.

पुढची वाट खरी असू द्या. राज्यातल्या चार प्रादेशिक मनोरुग्णालयांपैकी एक रत्नागिरीत आहे. 'वेड्यांच्या दवाखान्यात' जायच्या भीतीवरच एक कथा होईल. टेली-मानस ही सरकारी दूरध्वनी सेवा २०२२ च्या ऑक्टोबरात सुरू झाली. क्रमांक १४४१६, फोन फुकट, मराठीतही बोलता येतं. घरात नेटवर्क नाही म्हणून टेकडीवर जाऊन फोन लावणारी मुलगी मला एका कथेत भेटली होती. ते पान अजून आठवतं.

उपचारांत मुख्य म्हणजे बोलण्याचे उपचार, विशेषतः विचार आणि वागणूक या दोन्हींवर काम करणारी सीबीटी पद्धत. सुरुवात कंटाळवाणी असते. तीन वेळा जेवण, मध्ये दोन-तीनदा थोडं खाणं, तीन-चार तासांपेक्षा जास्त अंतर नाही. काय खाल्लं, कुठे, तेव्हा मनात काय होतं, हे वहीत लिहायचं. 'कमी खा' असं डॉक्टर म्हणत नाहीत, उलट 'दुपारचं जेवण चुकवू नका' म्हणतात, याने पात्र चक्रावतं. मीही चक्रावले होते. औषधंही आहेत. लिसडेक्साम्फेटामिनला अमेरिकेत २०१५ साली या आजारासाठी मान्यता मिळाली. पण गोळी घेतली आणि संपलं, असा शेवट करू नका.

१४. शेवटी ती बारीक झाली, असं दाखवू का?

नको हो. बोलण्याच्या उपचारांनी ताबा सुटण्याचे प्रसंग कमी होतात, पुष्कळांचे थांबतात. वजन मात्र फारसं उतरेलच असं नाही. बारीक होणं म्हणजे बरं होणं असा शेवट केलात, तर सबंध कथेत जे खोडून काढलं तेच पुन्हा गिरवलंत. बरं होणं दिसतं ते भलत्याच ठिकाणी: ती बसून जेवते, चारचौघांत दुसरा मोदक मागते. मध्येच एखादी वाईट रात्र येते, आणि दुसऱ्या दिवशी ती उपास न धरता नाश्त्याला घावणे खाते. वाईट रात्र वगळू नका.

१५. सुरुवातीला वाचकाला सूचना द्यावी का?

एक ओळ पुरे. पाचव्या उत्तरातलं पाळलंत तर निम्मं काम झालेलंच असतं.

१६. कथा माझीच आहे. गावात ओळखतील, घरचे दुखावतील. काय करू?

गाव बदला, नाती बदला, काळ दहा वर्षं मागेपुढे न्या. भावना बदलू नका. हयात असलेल्या माणसाचा खासगी प्रसंग जसाच्या तसा उचलायचा असेल तर आधी त्याला वाचायला द्या. छापायची घाई नसेल तर लिहून वर्षभर ठेवून द्या. वर्षाने अर्ध्या ओळी स्वतःच्याच समर्थनाच्या निघतात.

ओळखणारे ओळखतातच, याची मात्र तयारी ठेवा. माझी दुसरी कथा छापून आली तेव्हा मी सगळं बदललं होतं. नायिका शिक्षिका, घर वेंगुर्ल्यातलं, काजूगराचा डबा पितळेचा. आईला मी अंक दाखवलाच नव्हता. तिने तो कुठून तरी मिळवून वाचला आणि चार दिवसांनी तांदूळ निवडता निवडता म्हणाली, "डबो पितळेचो नव्हतो गो. जर्मनचो होतो. झाकण घट्ट बसायचा त्याचा, म्हणान मी जरा सैल करून ठेवलंय."